अडतीस सेकंदांची कॉलर

शिलाईच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की नाव दाराबाहेर राहायचं. हातात जो तुकडा येईल तेच नाव. खिसे लावते ती खिसेवाली, काजं करते ती काजवाली, बाह्या जोडते ती बाहीवाली. कफ शिवणाऱ्या बाई वयानं थोरल्या, म्हणून त्यांना सगळ्या कफताई म्हणत. हे खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं म्हणून स्वतः कफताईच सगळ्यांत जास्त हसायच्या. ही गोष्ट आहे कॉलरवालीची. कफताई तिच्या सख्ख्या नणंद, नवऱ्याच्या थोरल्या बहीण. घरी ती त्यांना वन्सं म्हणायची आणि हॉलमध्येही तोंडात तेच यायचं.

वन्संनीच तिला इथे आणलं होतं. मास्तरांच्या, म्हणजे त्या ओळीवर देखरेख करणाऱ्या माणसाच्या, मागे त्यांनी दोन महिने लकडा लावला, तेव्हा कुठे मशीन मिळालं. मिळालं म्हणजे काय, तीन महिन्यांचा करार. तीन महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून परत सही करायची. म्हणजे कुणी कधी कायम व्हायलाच नको! वन्सं अशा एकोणीस वर्षं नवीन होत्या. “एवढं तर नव्या नवरीलाही कुणी नवी म्हणत नाही गं,” असं त्या म्हणायच्या आणि सगळी ओळ खिदळायची. हसण्यावारी न्यायचं, नाहीतर करायचं काय?

शर्ट जायचे समुद्रापार. कुठल्याशा मोठ्या कंपनीचं लेबल त्यांच्या मानेला लागायचं. त्या कंपनीचं कुणी माणूस या बायकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिला होता तो फक्त घड्याळवाला. वर्षातून दोन-तीनदा तो यायचा, गळ्यात घड्याळ, हातात फळीला लावलेला कागद. पाठीमागे उभा राहायचा, पाच तुकडे शिवून घ्यायचा, आणि त्यातला सगळ्यांत कमी वेळ लिहून न्यायचा. मग तेवढ्याच वेळात तेवढंच काम, दिवसभर, सगळ्यांनी. अहो, माणूस पाच मिनिटं जीव खाऊन धावेल, पण म्हणून त्याला नऊ तास तसाच पळवाल का? एवढी साधी गोष्ट त्या घड्याळाला कळत नव्हती, म्हणून बायकांनी त्यावर आपल्यापुरता इलाज काढला होता.

त्याला त्या ‘पाहुण्यांचा हात’ म्हणायच्या. घड्याळवाला ज्या बाईला आधी दिसेल, ती मोठ्यानं विचारायची, “अगं, तेलाची बाटली कुणी नेली?” की सगळ्यांचे हात जड व्हायचे. एरवी दोन्ही पट्ट्या एकदम उचलायच्या, त्या आता एकेक उचलायच्या. दोरा एरवी झटक्यात तुटायचा, तो आता कात्रीनं. शिवण झाली की ती बोटानं एकदा सारखी करायची, मग उगाच आणखी एकदा. कामचुकार कुणी म्हणू नये आणि घाईही दिसू नये, असा तो हात. तो कुणी शिकवायचं नाही. नव्या बाईनं शेजारणीकडे बघायचं आणि काय ते समजून घ्यायचं. कॉलर शिवायला खऱ्या हातानं पन्नास सेकंद लागायचे, पाहुण्यांच्या हातानं साठ. त्या वरच्या दहा सेकंदांवर हॉल जगत होता. त्यातच कुणी पाणी प्यायचं, कुणी मोरीत जाऊन यायचं, कुणी दोन घटका पाठ सरळ करायची.

कॉलरची मशीनं दोन. दोन्ही हॉलच्या टोकाला, खांबाआड. एकावर आपली कॉलरवाली, दुसऱ्यावर पलीकडची. ही पलीकडची दुसऱ्या देशातून आलेली. ठेकेदारानं आठ जणी आणल्या होत्या, त्यातल्या सात दुसऱ्या कारखान्यांत वाटल्या, ही एकटी इथे राहिली. तिचा पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात. तिला भाषा येत नव्हती असं नाही, पण मोडकीतोडकी, आणि ती कमी बोलायची. बायका तिच्याशी वाईट वागत नव्हत्या. वागतच नव्हत्या म्हणा. आपल्यापेक्षा स्वस्तात राबायला आणलेलं माणूस, त्याच्याशी गप्पा काय मारायच्या, असं सगळ्यांच्या मनात होतं. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं एवढंच.

तर एका सकाळी मास्तरांनी कॉलरवालीला दोऱ्यांच्या कपाटामागे बोलावलं.

“ऑर्डर चालली,” मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. “दुसरीकडे शर्टामागे आपल्यापेक्षा कमी मिनिटं लागतात म्हणे. कंपनीनं दोन्हीकडे घड्याळ पाठवलंय. ज्याचं कमी त्याची ऑर्डर. आपला आज नंबर.”

“मग मी काय करू?”

“ओळ अडते कुठे? कॉलरवर. शर्ट कॉलरसाठी खोळंबून राहतो. तू एकदा हात मोकळा सोड. तुझ्याइतका हात हॉलमध्ये कुणाचा नाही, हे काय मला दिसत नाही?”

“आणि टार्गेट वाढलं म्हणजे?”

“अगं बाई, नुसतं कागदावर दाखवायचंय! तो कागद जाणार समुद्रापार. इथे कोण तो घेऊन बसणार आहे? आणि वाढलंच तर तुझ्यापुरतं वाढेल. तू काय, रेटशील.” मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “हॉल बंद झाला तर मीही करारावरच आहे. माझी दोन पोरं आहेत.”

आता तिच्या जागी कुणीही असतं तरी विरघळलंच असतं. तिचा नवरा चार वर्षं परदेशात एका हॉटेलच्या धुलाईखात्यात होता. हॉटेल विकलं गेलं, आणि आठवड्याच्या आत पंचवीस जणांना विमानात बसवून घरी पाठवलं. तेव्हापासून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जायचा आणि दुपारी इस्त्री न मोडलेला शर्ट घेऊन परत यायचा. वन्संचे यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. हॉल बंद झाला तर दोन्ही घरं एकाच दिवशी बसणार. आणि तिच्या हातात काय होतं? पाच कॉलरी. तिला वाटलं, आपलं आपण मरू, बाकीच्या तरतील. कॉलरवालीला कॉलरच दिसली, तिथेच तिचं चुकलं.

“अगं, तेलाची बाटली कुणी नेली?” बाहीवालीनं आरोळी दिली, आणि हॉल जड झाला.

घड्याळवाला आधी पलीकडचीच्या मागे उभा राहिला, मग हिच्यामागे. वन्सं पुढच्या रांगेत, पाठमोऱ्या. कुणी मान वर करत नव्हतं, कारण घड्याळ आलं की मान खालीच घालायची असते. कॉलरवालीनं दोन्ही पट्ट्या एकदम उचलल्या, मध्ये कडक अस्तर सरकवलं, तीन बाजू एका दमात मारल्या, टोकं कातरली, उलटवली, टोक बोटानं बाहेर काढलं. पहिली बेचाळीस. दुसरी एकेचाळीस. चौथीला तिला मजाच यायला लागली, हे तिनं पुढे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. पाचवी अडतीस. घड्याळवाल्यानं हळूच “वा” म्हटलं. या हॉलमध्ये त्याच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

पाच दिवसांनी ऑर्डर आपल्याकडेच राहिल्याची बातमी आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काजवाली तर रडलीच. वन्सं म्हणाल्या, “चला, पोरीचं वर्ष पार पडलं माझ्या,” आणि कॉलरवालीच्या पाठीवर थाप मारली. त्या एका दुपारपुरती तिला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. कुणाला सांगता येत नव्हतं, एवढीच काय ती बोच.

दुसऱ्या दिवशी दाराशी कागद लागला. कॉलर, अडतीस सेकंद. आणि त्याखाली, ओळ एका वेगानं चालावी म्हणून, खिसे, काजं, बाह्या, कफ, सगळ्यांचे आकडे त्याच मापानं खाली ओढलेले. ज्यांना महिनाभरात जमणार नाही त्यांचा करार पुढे चालू राहणार नाही. कुणाचं नाव नव्हतं कागदावर, कुणाच्या हातानं अडतीस आले तेही नव्हतं. कॉलरवालीनं तो कागद तीनदा वाचला. ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी हात जोडले. “मलाही असंच सांगितलं होतं गं,” म्हणाले. खरं की खोटं, देव जाणे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. कॉलरवाल्या दोन. एक कफताईंची भावजय, आपल्यातली. दुसरी पलीकडची. अडतीस कुणी दिले असतील, हा काय प्रश्न झाला? खिसेवालीनं त्याच दुपारी निकाल देऊन टाकला. ही खिसेवाली म्हणजे तोंडाची फटकळ, पण ओळीतल्या कुणाचं काही अडलं तर पदर खोचून पुढे होणारी. “तिला काय जातंय?” ती म्हणाली. “तिला तर बिचारीला कुणी सांगितलंही नसेल पाहुण्यांच्या हाताचं. नाहीतर सांगूनही केलं असेल. बाहेरून यायचं आणि आमच्या पोटावर पाय द्यायचा!”

कॉलरवाली तिथेच उभी होती. आज नको, उद्या सांगू, जरा राग निवळू दे, असं म्हणत तिनं एक दिवस काढला, मग आठवडा. खरं सांगू का, अशा वेळी पहिला दिवसच काय तो असतो. तो गेला की तोंडाला कुलूप लागतं आणि किल्ली कुठे गेली तेच कळत नाही.

पलीकडचीचे हाल सुरू झाले. तिच्या वाट्याला मुद्दाम वाकड्या कापलेल्या पट्ट्यांचं बंडल यायचं. जेवणाच्या सुट्टीत ती बाकाजवळ आली की बायका ऐसपैस व्हायच्या. एकदा तिच्या मशीनची बॉबिन कुणी लपवली. ती पंधरा मिनिटं शोधत राहिली, आणि त्या पंधरा मिनिटांचे तुकडे तिच्या नावावर कमी लागले. कॉलरवालीनं आपल्या खणातली जादा बॉबिन तिच्याकडे सरकवली. पलीकडचीनं ती घेतली आणि तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. हिनं घाईघाईनं मान वळवली.

इकडे सगळी ओळ मेटाकुटीला आली. काजवालीनं सुईखाली बोट घातलं. मोरीत जायला नको म्हणून बायका पाणी प्यायच्या बंद झाल्या. खुद्द कॉलरवालीचा हात दिवसभरात चव्वेचाळीसच्या खाली येईना. स्वतःचाच आकडा तिच्या मानगुटीवर बसला होता. पण सगळ्यांत वाईट दशा वन्संची. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं, कफाची गोलाई वळवताना कळ मस्तकात जायची. रोज संध्याकाळी फळ्यावर आकडे लागायचे आणि रोज सगळ्यांत शेवटी वन्सं. “शाळेतही मी शेवटच्याच बाकावर होते,” असं त्या म्हणायच्या. आता मात्र कुणी हसत नव्हतं.

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा खिसेवालीनं दाराशी लागलेल्या कागदाची बारीक अक्षरं वाचून काढली. मापाबद्दल तक्रार असेल तर साक्षीदारांच्या सह्यांनिशी अर्ज करता येतो. नमुन्याचा तुकडा अपुरा शिवलेला निघाला तर माप रद्द, नव्यानं माप. आणि खोटा नमुना देणारीला कामावरून कमी.

“झालं तर मग!” खिसेवाली म्हणाली. “पलीकडचीनं टोकं न कातरताच कॉलर उलटवली, असं लिहायचं. म्हणून अडतीस. पूर्ण कॉलर अडतीसात होतच नाही, हे तर खरं आहे ना? नव्यानं माप घ्यायला आला की सगळ्या पाहुण्यांचा हात लावू, आणि साठावर आणून ठेवू. कफताई वाचतील, आपणही वाचू.” मग ती कॉलरवालीकडे वळली. “तुझी साक्ष सगळ्यांत मोठी. तू तिच्या शेजारी बसतेस. तू पाहिलंस म्हण, बस्स.”

त्या संध्याकाळी कॉलरवाली वन्संच्या खोलीवर गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली. वन्सं पलंगाच्या कडेला बसून अंगठा कोमट पाण्यात बुडवून बसल्या होत्या. शेजारी अर्ज पडला होता, खाली त्यांची सही, ओली असल्यासारखी ठळक.

“मी सही केली गं,” वन्सं म्हणाल्या. “मला पटत नव्हतं. टोकं कातरली की नाही, मी कुठे पाहिलंय? पाठ होती माझी. खोटंच आहे ते. पण मी म्हटलं, तिनं एवढ्या सगळ्यांना खड्ड्यात घातलं, तर तेवढं पाप मी घेते डोक्यावर. पोरीचे सहा महिने राहिलेत. सहा महिन्यांनी मला कुणी हाकललं तरी चालेल.”

“वन्सं...”

“तू साक्ष दे. तुझ्यापाशी मी आजवर काही मागितलं नाही. आज मागते.”

तेवढ्यात भाची आतून आली, हातात पुस्तक, डोळ्यांवर झोप, आणि “मामी, चहा घेणार?” असं विचारून गेली. कॉलरवालीच्या घशाशी आलेलं सगळं परत खाली गेलं. ती “हो” म्हणाली. कशाला हो म्हणाली, चहाला की साक्षीला, तिचं तिलाच कळलं नाही. वन्संनी मात्र सुटकेचा श्वास सोडला.

सोमवारी घड्याळवाला येणार होता. सकाळी कॉलरवाली लवकर आली. नळापाशी पलीकडची तोंड धूत होती. दोघींशिवाय कुणी नव्हतं.

“तुला कळलं होतं ना?” कॉलरवालीनं विचारलं. “अडतीस माझे होते ते.”

पलीकडचीनं ओढणीनं तोंड पुसलं. “मी शेजारी. कान आहे मला. मशीन कसं पळतं, ऐकते.”

“आणि तुझे किती होते?”

“एकसष्ट.” ती जराशी हसली. “मी पण एक पट्टी, मग एक पट्टी. आमच्याकडे पण घड्याळ येतं. सगळीकडे येतं. आमच्याकडे पण सगळ्या हळू.”

कॉलरवालीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिला ओळीनं एक शब्द सांगितला नव्हता, तिनं ओळीचा नेम पाळला होता. आणि जिचं सगळं या ओळीत होतं, तिनं तो मोडला होता.

“मग सांगितलं का नाहीस त्यांना? एवढं सोसलंस!”

“माझं कोण ऐकतं?” पलीकडची म्हणाली. त्यात तक्रारही नव्हती. दुकान बंद आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. “आणि सांगितलं तर तू जाणार. मी पण जाणार. फायदा काय?”

नऊ वाजता मशीनं सुरू व्हायच्या आधी सगळी ओळ कॉलरच्या मशीनांभोवती जमली. मास्तर एका बाजूला, नजर जमिनीवर. रोज नवे हॉल बघणाऱ्या घड्याळवाल्याला आकडे आठवत, चेहरे नाहीत. त्यानं अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, “शेजारच्या मशीनवर कोण?”

“मी,” कॉलरवाली म्हणाली.

“टोकं न कातरता कॉलर उलटवली, हे तुम्ही पाहिलं?”

तिला वन्संचा चेहरा दिसत होता. त्या तिच्याकडे नुसत्या डोळे लावून होत्या. तिला वाटलं, बोलून टाकावं, पाहिलं म्हणून. एक शब्द तर होता. खांबाला टेकून पलीकडची उभी होती आणि तिच्या खांद्याला पिशवी होती. एरवी पिशवी खुंटीला असायची. आज तिनं खणातला डबा, पाण्याची बाटली, कामाच्या चपला, सगळं भरून तयार ठेवलं होतं. कुणी काही म्हणायच्या आधीच बाई निघायच्या तयारीत होती.

“नाही,” कॉलरवाली म्हणाली. “टोकं कातरली होती. कॉलर पूर्ण होती. आणि ती हिची नव्हतीच. माझी होती.”

मग एकच गलका झाला. “काहीतरीच काय!” बाहीवाली ओरडली. “घाबरली ती,” काजवाली म्हणाली. खिसेवालीनं तर तिचा दंडच धरला. “अगं, डोकं फिरलंय का तुझं? तिची दया येते म्हणून स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतेस?” आणि वन्सं, वन्सं सगळ्यांत कळवळून म्हणाल्या, “साहेब, तिचं ऐकू नका. ती असं करायची नाही. मी ओळखते तिला.”

यापेक्षा वन्संनी तोंडात मारली असती तरी तिला कमी लागलं असतं.

घड्याळवाल्याला दहा वाजता दुसऱ्या हॉलवर जायचं होतं. त्यानं गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. “भांडू नका. करून दाखवा. होतात का अडतीस, ते आत्ता कळेल.”

ती मशीनवर बसली. पट्ट्या समोर, अस्तर डावीकडे, कात्री उजवीकडे. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की अजूनही सगळं तिच्याच हातात आहे. पाहुण्यांचा हात लावला की सुटली. एक पट्टी उचलायची, मग दुसरी. पंचावन्न येतील, बायका म्हणतील, बघा, उगाच बरळत होती. माप रद्द होईल. वन्संचं मशीन राहील, पोरीचे सहा महिने निघतील. जाईल ती फक्त पलीकडची, आणि ती तर पिशवी घेऊन उभीच आहे. कुणी कधी हिला बोल लावणार नाही. वन्सं उलट आयुष्यभर सांगत राहतील, माझी भावजय परक्या बाईसाठी खोटं बोलायला निघाली होती म्हणून.

तेच तिला सोसेना. उरलेला जन्म वन्संच्या तोंडून ते कौतुक ऐकत काढायचा?

“चालू,” घड्याळवाला म्हणाला.

तिनं दोन्ही पट्ट्या एकदम उचलल्या.

हॉलमध्ये ते एकच मशीन चालू होतं, म्हणून त्याचा आवाज केवढा वाटला. एक बाजू, दुसरी, तिसरी. कात्रीचे दोन आवाज. कॉलर उलटली, दोन्ही टोकं बाहेर आली, सरळ आणि धारदार. तिनं ती टेबलावर ठेवली आणि हात मांडीत घेतले.

“सदतीस,” घड्याळवाला म्हणाला.

त्यानं कॉलर उचलली, उजेडात धरली, टोकं नखानं चाचपली. मग फळीवरच्या कागदावर अडतीस खोडलं आणि सदतीस लिहिलं. “अर्ज निकाली. माप बरोबर आहे. उलट एक सेकंद जास्तच दिला होता. बाकीचे आकडे त्या मानानं दुपारी लागतील.” तो मास्तरांना म्हणाला, आणि गेलासुद्धा.

“घरभेदी!” खिसेवाली म्हणाली. तिचा आवाज चिरकला. बाकीच्या एकेक करून आपापल्या मशीनकडे पांगल्या.

पलीकडचीनं खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली आणि आपल्या जागेवर बसली. कॉलरवालीला वाटलं, ही आता काहीतरी बरं बोलेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग होता.

“हळू का नाही शिवली?” तिनं दबक्या आवाजात विचारलं.

“तू गेली असतीस ना.”

“मी, एक.” तिनं एक बोट वर केलं. मग तेच बोट सगळ्या हॉलवरून फिरवलं. “आता बघ.”

कॉलरवालीनं पट्ट्यांचं बंडल पुढे ओढलं, पण त्याची दोरी तिला सुटेना. तेवढ्यात टेबलावर सावली पडली. वन्सं उभ्या होत्या. ओरडतील, रडतील, शिव्या देतील, काहीही चाललं असतं. त्यांनी वाकून ती दोरी सोडवून दिली, सुजलेल्या अंगठ्यानं, सावकाश.

“आधीच माझ्याजवळ बोलली असतीस,” त्या म्हणाल्या, “तर मी सही केली नसती गं त्या अर्जावर. नोकरी गेली असती तरी नसती केली.” त्यांनी खांबापलीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “आता त्या बाईला मी तोंड कसं दाखवू?”

बेल झाली आणि त्या आपल्या मशीनकडे गेल्या.